शेपटीखालचा नवरा

सोमवारी सकाळी फलकावर आपलं नाव मुकादमांच्या नावाशेजारी दिसलं, तेव्हा चिमणीला वाटलं, दोघांना एकत्र गस्त लागली असणार. जवळ जाऊन पाहिलं तर वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : नवीन जोड्या.

ड्रॅगनस्वारांच्या त्या तळावर कोणाचं कोणाशी जमलंय हे माणसांना विचारायची पद्धत नव्हती. माणसांचं काय, आज हो म्हणतात आणि उद्या तोंड फिरवतात. दोन ड्रॅगन सलग तीन दुपारी शेपटीवर शेपूट टाकून झोपले, की त्यांचे स्वार जोडपं झाले. एक खोली, एक पलंग, विषय संपला. मग त्या दोन बाया असोत, दोन बुवा असोत, नाहीतर एक तरणा आणि एक म्हातारा, कोणाच्या कपाळावर आठी उमटत नसे. एकदा जोडी लागली, की दुसऱ्या कोणाशी लग्न करायची मात्र सोय नव्हती.

आणि चिमणीचं लग्न शुक्रवारी होतं, तळावरच्या खोगीरवाल्याशी. मुकादम साठीला टेकलेले, जन्माचे सडेफटिंग. ती धावतच नोंदणीबाईंकडे गेली.

"तुझी हिरवी ड्रॅगन त्यांच्या म्हाताऱ्या ड्रॅगनच्या कोठडीत झोपते," नोंदणीबाई वहीतून डोकं वर न काढता म्हणाल्या. "तिन्ही दुपारी मी स्वतः पाहिलं."

"तिच्या कोठडीतली भट्टी बंद आहे हो. थंडी वाजते म्हणून गेली ती."

"सगळे तेच सांगतात."

भट्टीच्या दुरुस्तीचा अर्ज दोन महिने मुकादमांच्याच टेबलावर पडून होता. आता त्याच टेबलामागे ते घाम पुसत बसले होते.

"चाळीस वर्षं माझ्या खोलीत दुसऱ्याची चप्पल आली नाही," ते म्हणाले. "तू घोरतेस का गं?"

"साहेब, मला शुक्रवारी लग्न करायचंय."

"मग कर की. माझं कुठे काही म्हणणं आहे?"

आईकडून मदत व्हावी, तर ती स्वतः जुनी स्वार. "रीत म्हणजे रीत," ती म्हणाली. "तुझ्या बापाचं नाव मी जोडी लागल्यावर चौथ्या दिवशी विचारलं होतं. काही बिघडलं का?"

"अगं, मुकादम तुझ्याहून मोठे आहेत."

"मग अहोजाहो करीन."

सुटकेचा मार्ग एकच होता. सलग तीन दुपारी शेपटीला शेपूट लागता कामा नये. मंगळ, बुध, गुरू, म्हणजे दिवस जेमतेम पुरत होते. मुकादमांनी तासाभरात भट्टी दुरुस्त करवली, पण हिरवीला आता संगतीची चटक लागली होती. तिला साखळी घातली, ती तिने तोडली. म्हाताऱ्याच्या कोठडीला कडी लावली, तर त्याने दारच जाळून टाकलं. चिमणीला रडू कोसळलं.

"मी मध्ये झोपतो," खोगीरवाला म्हणाला. "माझ्या अंगाला कातड्याचा वास असतो, दोघं मला ओळखतात."

"चेंगरशील."

"चेंगरलो तर चेंगरलो. लग्न पुढे ढकलायचं नाही."

मंगळवारी तो दोघांच्या मध्ये आडवा झाला. हिरवीने त्याच्या पायांवर शेपूट टाकली, म्हाताऱ्याने छातीवर, आणि दोन्ही शेपट्यांत चांगलं हातभर अंतर राहिलं. मुकादम जळक्या दाराशी स्टूल टाकून राखणीला बसले. खोगीरवाल्याला हलता येत नव्हतं आणि मुकादमांना गप्प बसवत नव्हतं, त्यामुळे त्याने दुपारभर त्यांच्या जुन्या मोहिमा ऐकल्या. बुधवारीही तेच. गुरुवारी मुकादम स्टूलऐवजी खुर्चीच घेऊन आले.

गुरुवारी दुपार सरता सरता नोंदणीबाई वही घेऊन आल्या. चिमणी त्यांच्या मागेच होती.

"शेपट्या लागल्या नाहीत," बाईंनी लिहिलं. "जुनी जोडी रद्द."

चिमणीने देवाचे आभार मानले. पण बाई लिहायच्या थांबल्या नाहीत.

"याच्यावर हिरवीची शेपूट तीन दुपारी. म्हणजे तुझी आणि याची जोडी लागली. उद्याची वाट बघायलाच नको."

"खरंच?"

"नियमात 'ज्याच्यावर शेपूट पडेल तो' एवढंच आहे. तो ड्रॅगनच हवा असं कुठे म्हटलंय?" बाईंनी पान उलटलं. "आणि म्हाताऱ्याचीही तीन दुपारी. तेव्हा याची आणि मुकादमांचीही लागली."

शेपट्यांखालून खोगीरवाला खोकला.

चिमणीच सावरली. "काही अडचण नाही, साहेब. तुमच्या म्हाताऱ्याला तीन दुपारी याच्यापासून लांब ठेवा, की तुम्ही मोकळे. उद्यापासूनच सुरू करू या."

मुकादमांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग खोगीरवाल्याकडे. खुर्ची घडी करून त्यांनी काखेत मारली.

"इतकी काय घाई आहे?" ते म्हणाले. "पलंगाची खिडकीकडची बाजू माझी."