एकाकीपणाचा दाखला

त्रुटीसाहेबांना एकही मित्र नाही, ही बाब निवृत्तीनंतरच्या सतराव्या दिवशी त्यांच्या निदर्शनास आणून देण्यात आली. आणून दिली त्यांच्या बायकोने. तिने सोळा दिवस सोसलं होतं. तेवढ्या दिवसांत साहेबांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना अनुक्रमांक दिले, हळद मिठाच्या जागी तात्पुरत्या स्वरूपात हलवली आणि मग भाजी अळणी झाल्याबद्दल बायकोकडेच लेखी खुलासा मागितला.

"बाहेर जा, चार माणसं जोडा," ती म्हणाली. "नाहीतर मी बहिणीकडे राहायला जाते. परत कधी येणार ते विचारू नका."

'त्रुटीसाहेब' हे नाव कचेरीने ठेवलेलं. तेहतीस वर्षं हाती आलेला प्रत्येक अर्ज त्यांनी 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असा शेरा मारून माघारी धाडला. एकदा तर वारसाच्या अर्जावर त्यांनी मयताची सही मागितली होती. अशा माणसाला मित्र कुठून असणार? निरोपसमारंभात त्यांना हार कुणी घालायचा, यासाठी लोकांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. साहेबांना हे ठाऊक होतं, आणि आता घरात बसून बसून ते सलायलाही लागलं होतं. आपल्याशी बोलणारं कुणीतरी त्यांना हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

दोन गल्ल्या सोडून 'ज्येष्ठ नागरिक स्नेहसंवर्धन मंडळ' होतं. खिडकीत सचिवबाई बसल्या होत्या.

"सदस्य व्हायचंय. मित्र हवेत," साहेब म्हणाले.

"एकाकीपणाचा दाखला आणलाय?"

"तो कोण देतं?"

"तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या दोन व्यक्तींनी लिहून द्यायचं, की तुम्हाला जवळून ओळखणारं कुणी नाही. नात्यातली माणसं चालत नाहीत."

दुसऱ्या कुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली असती. साहेबांना मात्र कौतुक वाटलं. इतका बिनतोड नियम तेहतीस वर्षांत त्यांनाही सुचला नव्हता.

बाहेर बाकावर एक निवृत्त कंडक्टर बसला होता. त्यालाही याच दाखल्यासाठी परत पाठवलं होतं. "आत सरका, आत सरका," तो सवयीने म्हणाला. बाकावर तिसरं कुणी नव्हतं, तरी साहेब सरकले.

पुढचे दोन महिने दोघंही रोज चार वाजता साक्षीदार शोधायला त्या बाकावर बसू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचं, नकार घ्यायचा आणि मग कंडक्टरच्या थर्मासमधला चहा एकाच झाकणातून आळीपाळीने प्यायचा. तिकीट चुकवणाऱ्यांच्या नकला कंडक्टर अशा काही करायचा, की एकदा हसता हसता साहेबांना ठसका लागला. कंडक्टरने त्यांची पाठ चोळली. कचेरीतल्या कुणी आपल्या पाठीला कधी हातही लावला नव्हता, हे साहेबांना तेव्हा उमगलं आणि त्यांचे डोळे भरून आले. ते ठसक्याने, असं त्यांनी सांगितलं.

शेवटी दोघांनी एकमेकांच्या दाखल्यावर सह्या केल्या. दुसरी सही मंडळाच्या वॉचमनने दोघांनाही कंटाळून दिली.

सचिवबाईंनी साहेबांचे कागद उलटसुलट पाहिले. "तुम्ही दोघं रोज बाकावर हसत असता. तीन सदस्यांच्या तक्रारी आहेत."

"मग?"

"मग तुम्ही एकाकी कसे? तो तर धडधडीत मित्र आहे तुमचा. अर्ज अपात्र."

या क्षणी कुठलाही शहाणा माणूस कागद फाडून कंडक्टरबरोबर चहा प्यायला गेला असता. पण साहेबांनी हिशेब वेगळा केला. मंडळात एकशे चाळीस मित्र होते, तेही नोंदणीकृत. बाहेर होता तो एकच, आणि त्याच्यावर कुणाचा शिक्काही नव्हता.

"त्रुटी दूर कशी करता येईल?" त्यांनी विचारलं.

"सदर इसमाला ओळखत नाही, असं लिहून द्या. पुढे ओळख दाखवली तर सदस्यत्व रद्द."

साहेबांनी पेन उघडलं, पण हात चालेना. कंडक्टर थर्मास घेऊन मागेच उभा होता.

"लिहा, साहेब," तो खाली मान घालून म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका. मी कालच लिहून दिलंय."

साहेबांनी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, दोन प्रतींत: एक मंडळाला, एक सदर इसमाला.

आता दर मंगळवारी पाच ते सहा दोघंही मंडळाच्या सभागृहात छातीवर 'मित्र' असा बिल्ला लावून बसतात. एक पहिल्या रांगेत, दुसरा शेवटच्या. बाकीचे एकशे चाळीसही गप्पच असतात, कारण प्रत्येकाने कुणाबद्दल तरी असंच लिहून दिलेलं आहे. हजेरी मात्र शंभर टक्के.

वाचकहो, तुम्ही हसलात, हरकत नाही. फक्त चार मोठ्या माणसांत बसायला जागा मिळावी म्हणून तुम्ही कुणाला ओळखेनासे झालात, तेवढं जरा आठवून बघा. प्रत शोधायची तसदी घेऊ नका. ती त्याने जपून ठेवली आहे.