खालच्या खणातली लापशी

“लिहून ठेव, एफी! आपल्या कर्स्टीनच्या लग्नात मी बाबांचा किल्ट घालणार म्हणजे घालणार!” मर्डोने बायकोसमोर टेबलावर मूठ आपटली. चहा सांडला.

हे बोलताना तो किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुणीदार लोकरी घागरा, त्याच्या कमरेला होताच. फक्त पट्टा बकलापर्यंत पोचत नव्हता. मध्ये चांगलं वीतभर पोट होतं.

मर्डो स्कॉटलंडमधल्या लुईस बेटावरच्या धक्क्यावर फेरीबोटीचे दोर बांधायचा. खाण्याच्या बाबतीत त्याने आयुष्यात कुणाचं मन मोडलं नव्हतं. त्याच आठवड्यात मोराग नर्सने त्याच्या कमरेला टेप लावला, रक्त तपासलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“मर्डो, साखर धोक्याच्या अगदी कडेवर आहे. तुझे बाबा किती वर्षांचे असताना गेले?”

बाबा ऐन पन्नाशीत गेले, कुठल्याही मुलाचं लग्न न बघता. म्हणून तर त्यांचा किल्ट तरी नातीच्या लग्नाला हजर राहावा, असा त्याचा हट्ट होता.

“मग करू काय?”

“ओट खा! रोज! त्यातला तंतू पोटात गेला की असा चिकट लगदा होतो, की साखर बिचारी हळूहळू रक्तात उतरते. भूक लवकर लागत नाही. आणि तो तळलेला मासा जरा कमी कर.”

“ओट? ते तर आम्ही जन्मल्यापासून खातोय!”

“खात होतात. आता बिस्किटं खाता.”

दुसऱ्या दिवसापासून एफी पहाटे उठून त्याच्यासाठी ओटची लापशी ढवळू लागली. मीठ घालून, साखरेचा कण नाही! वसंत सरला, उन्हाळा आला, तरी तिने एक सकाळ चुकवली नाही. मर्डो कुरकुरत खात होता आणि खाऊन झाल्यावर मनातल्या मनात तिचे आभार मानत होता. मोठ्याने मानले असते तर ती वाडगाभर अजून वाढेल, ही भीती होती.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात एफी लेकीच्या मदतीला ग्लासगोला गेली. जाताना बजावून गेली, “रोज सकाळी ताजी लापशी कर! आळस करू नकोस!”

आता सांगा, स्वतःची लापशी रोज ढवळत बसायला मर्डो काय वेडा होता? त्याला आठवली आजीची युक्ती! रविवारी बेटावर कुणी कामाला हात लावत नाही, म्हणून आजी शनिवारीच भलंमोठं पातेलं शिजवायची आणि लापशी सरळ कपाटाच्या खालच्या खणात ओतायची. गार झाली की घट्ट वडी! पुढे आठवडाभर कापा आणि खा.

शनिवारी त्याने पातेलं चढवलं आणि खालचा खण ओढला. बघतो तर काय, खणात आधीच स्वच्छ तपकिरी कागद अंथरलेला! खाली जाडसर, मऊ बैठकही केलेली.

“वा रे माझी एफी! मी आळस करणार हे हिला आधीच माहीत!” एवढं ओळखणारी बायको नशिबानेच मिळते. आणि मोठ्या कौतुकाने त्याने अख्खं पातेलं खणात रिकामं केलं.

रविवारी चर्चहून आल्यावर एफीचा फोन आला.

“एफी, आधी तुझे आभार! खालचा खण बघितला मी!”

“बघितलास? अरे देवा. रागावला नाहीस ना?”

“रागावू कशाला? किती विचार करतेस गं माझा!”

“मला वाटलं तुला अपमान वाटेल. म्हणून लपवून ठेवला होता. नीट बसला का?”

“फक्कड! कालपासून तीन तुकडे कापले. एक ग्लेनला दिला.”

ग्लेन म्हणजे त्यांचा कुत्रा.

“काय कापलंस?” एफीचा आवाज एकदम बारीक झाला.

“लापशी!”

“कुठली लापशी?”

“खालच्या खणातली!”

यानंतर ग्लासगोहून जी किंकाळी आली, ती फोन नसता तरी लुईसला ऐकू आली असती. “अरे मूर्खा, त्या कागदाखाली किल्ट आहे! शिंप्याकडून चार बोटं सैल करून आणलाय मी! हात लावू नकोस, मी उद्या—”

पण मर्डो फोन टाकून केव्हाच पळाला होता.

कागद भिजून फाटला होता. बाबांचा हिरव्या-निळ्या चौकड्यांचा किल्ट, आणि त्याच्या चुणीचुणीत ओट! मोराग म्हणाली होती अगदी तसाच चिकट लगदा. मर्डोच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याच्यासाठी एवढे महिने लापशी गिळली, तोच लापशीत बुडाला होता!

त्याने पडदे ओढून घेतले, कारण रविवारी धुणं म्हणजे बेटावर महापाप, आणि किल्ट कढत पाण्यात घातला. लापशीचं भांडं तो तसंच घासायचा. मग वाळवायचा कुठे? रविवारी दोरीवर कपडा दिसला असता, तर पाद्रीबाबांनी लग्नच लावलं नसतं! म्हणून त्याने तो धगधगत्या शेगडीसमोर टांगला. लोकरीला कढत पाणी आणि वर शेगडी! किल्ट डोळ्यांदेखत अंग चोरू लागला.

सोमवारच्या बोटीने एफी आली. तिने किल्टकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, “घाल.”

“एफी, मी...”

“घाल म्हणते ना!”

त्याने घातला. एफीने तिचा मोजायचा टेप काढला आणि किल्ट मोजला. पुन्हा मोजला. मग ती मटकन खुर्चीत बसली आणि हसायलाच लागली.

“मर्डो! किल्ट आटून बरोबर तुझ्या बाबांच्या मापाचा झालाय. शिंप्याचं सगळं काम धुऊन गेलं! आणि बकलाला कमी पडतायत फक्त दोन बोटं. अरे, तेव्हा वीतभर पोट आडवं येत होतं ना?”

मर्डोने खाली वाकून पाहिलं. खरंच की! शिंप्याचा किल्ट घातला असता, तर त्याला हे कधी कळलंच नसतं.

“ती वीत तू आत घेतलीस,” तो म्हणाला. “रोज पहाटे उठून. मी कधी आभारसुद्धा मानले नाहीत गं.”

“आता मान. आणि उरलेली दोन बोटं कुठून आणू, ते सांग!”

ऐनवेळी दोन बोटांसाठी शिंपी मिळेना. शेवटी लग्नाच्या सकाळी एफीने ग्लेनच्या गळ्यातला चामडी पट्टा सोडला, बकलाला जोडला आणि मर्डोला आवळून बांधला. चपखल बसला!

मोराग चर्चच्या दारातच भेटली. “कालचा रिपोर्ट आला, मर्डो! साखर कडेवरून चांगली आत आलीये!” मर्डोने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

कर्स्टीनने बाबांच्या हातात हात घातला. “बाबा, लापशीचा वास कुठून येतोय?”

“आजोबा आलेत,” मर्डो म्हणाला. “त्यांचाच आहे.”

लेकीने त्याचा दंड घट्ट धरला आणि दोघं निघाले. सगळं कसं गंभीर, सुंदर! फक्त पट्टा मर्डोच्या कमरेला असल्यामुळे ग्लेनला घरी कशाने बांधायचं, हा विचार कुणी केला नव्हता. नवरीच्या मागोमाग तोही डौलात चर्चमध्ये शिरला आणि वेदीपर्यंत मर्डोच्या मागच्या चुण्या मन लावून चाटत गेला.

पाद्रीबाबा काही बोलले नाहीत. त्यांनी लग्न लावलं, आशीर्वाद दिले. मग खाली वाकून मर्डोच्या कमरेच्या पट्ट्याला लोंबणारा ग्लेनचा पितळी बिल्ला हातात घेतला आणि चष्मा सावरत सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

“हरवलेला आढळल्यास एफीकडे पोचवावा.”

सगळं चर्च खो खो हसलं. मर्डो कानापर्यंत लाल झाला, पण बिल्ला काही त्याने लपवला नाही.

“बरोबरच लिहिलंय, पाद्रीबाबा,” तो म्हणाला.