दहाव्या दंडाची बखर

हे जे कोणी वाचतील, ऐकतील, अथवा चष्मा सापडत नाही म्हणोन दुसऱ्याकडोन वाचवोन घेतील, त्या समस्तांस आरोग्य असो. ज्यांस सुईचे भय नाही त्यांनी फार फुशारकी मारू नये. ते भय काय चीज आहे, आणि त्यापायी नऊ माणसांचा प्रवास एका पळपुट्या दंडावर कैसा अडकला, याची हकीकत पुढे लिहिली आहे. घडले तेच लिहिले, पदरचे मीठ चवीपुरते.

ऐसीजे, गृहराज्यधुरंधर, सकलकुलूपकिल्लीधारिणी मातोश्री आईसाहेब यांची एकुलती कन्या जावईबापूंच्या नोकरीपायी समुद्रापलीकडील मुलखात राहिली होती, आणि तीस पहिल्या बाळंतपणाचे दिवस भरत आले, आणि तिने निरोप धाडिला की आईबाबा दोघेही या, मला भीती वाटते. मग आईसाहेबांनी माळ्यावरील बॅगा खाली काढविल्या आणि तिकिटे सिद्ध जाहली. परंतु त्या मुलखाचा दस्तूर मोठा कडक. पिवळ्या तापाची लस घेतल्याचे पिवळे पुस्तक शिक्क्यानिशी ज्याचे हाती नसेल, त्यास विमानतळावरोनच माघारी लावावे, मग तो कोणाचा बाप असो की आजा. आणि टोचल्यावर दहा दिवस लोटल्यावाचोन ते पुस्तक अंमलात येत नसे. विमान अकराव्या दिवशी, आणि लसीचा दवाखाना आठवड्यातोन एकच वार, दुपारी एकपर्यंत उघडा. म्हणजे आज टोचली तर नातवंडाचे तोंड पाहणे, नाही तर घरी बसोन भरलेल्या बॅगांचे तोंड पाहणे.

बाकी तयारीत तिळाइतकी कसूर नव्हती. रक्तदाबाच्या गोळ्या मूळ वेष्टणात, त्यांजवर डॉक्टरांची चिठ्ठी, डासांचे मलम, जुलाबाची पावडर, थर्मामीटर दोन, कारण एक यजमान फोडणार हे आईसाहेबांनी आधीच धरिले होते.

आता यजमानांचे वर्णन. यजमान म्हणजे विजेच्या खात्यातील नामांकित लाइनमन, मोहल्ल्यात किताब खांबराव. तीस वर्षे भर वादळात खांबावर चढोन तुटल्या तारा जोडिल्या आणि कधी पाय लटपटला नाही. परंतु सुई दिसली की हा वीर पाण्यात पडल्या पुठ्ठ्यासारखा नरम पडे. कन्या लहान असता तिजला टोचावयास नेले, तेव्हा ती आत रडे आणि हे बाहेर रस्त्यावर येरझारा घालोन घाम पुशीत. हे गुपित घरातच होते. आता लिहिले गेले, इलाज नाही.

तों उभयतां दवाखान्यात दाखल जाहली. भिंतीशी बाके, पंखा एक, तोही मनात येईल तेव्हा फिरणारा, आणि कोपऱ्यात फ्रीज, त्यात लस. डॉक्टरसाहेबांनी एकेकास हुजूर बोलावोन वय, आजार, वावडे, सर्व पुसोन घेतले. खांबरावांची पाळी आली आणि त्यांनी पहिला डाव टाकिला.

"मला अंड्याचं वावडं आहे," म्हणाले.

"काल सकाळी दोन कोणी खाल्ली?" आईसाहेब मागोन गरजल्या. "आणि माझ्या ताटातलं अर्धं?"

डॉक्टरसाहेबांनी हसू चष्म्याआड दडविले आणि कागदावर सही ठोकिली. मग खांबराव म्हणाले, पासपोर्टची झेरॉक्स राहिली, आत्ता आणतो. आणि गेले ते गेलेच.

साडेबारास सिस्टर बाहेर आल्या, मुंडकी मोजली आणि फर्मान सुनाविले की बाटली दहा जणांची आहे, एकदा उघडली की ठेवता येत नाही, आणि लस मोजकी येते, सबब दहा दंड हजर जाहल्यावाचोन बाटली उघडणे नाही. येथे नऊ आहेत. एक वाजता कुलूप, मग पुढील आठवड्यात या.

हे ऐकताच बाकांवर हाहाकार उडाला. एक बोटीवरील खलाशी होता, त्याची बोट उभी. बाकीच्यांचीही ऐसीच कोठे ना कोठे निकड. सर्वांनी पुसिले की दहावा कोण, आणि आईसाहेबांनी मान खाली न घालता जाब दिला, "दहावे आमचे आहेत. आणते."

मग पदर खोचोन आईसाहेब मोहिमेवर निघाल्या. खलाशाने आपली लोखंडी ट्रंक दवाखान्याच्या दारात आडवी टाकिली आणि सिस्टरांस नम्रपणे कळविले की ही फार जड आहे, हलणार नाही. आईसाहेबांनी प्रथम झेरॉक्सवाल्यावर छापा घातिला. तो बोलला, "काका इकडे आलेच नाहीत. समोर सलूनमध्ये शिरताना पाहिले."

सलूनमध्ये तीन खुर्च्या आणि तिन्हींवर तीन इसम, तोंडास डोळ्यांपर्यंत फेस, गळ्याखाली पांढरी चादर. ओळख पटावी कशी? परंतु मधल्या चादरीखाली डावा पाय शिवणयंत्रासारखा हालत होता, आणि तो पाय आईसाहेबांस पस्तीस वर्षे ठाऊक.

"उठा."

"दाढी अर्धी झालीय," फेसातून आवाज आला.

"अर्ध्या दाढीनं माणूस मरत नाही. उठा म्हणते ना!"

"अगं, तू घे ना टोचून. तू जा लेकीकडे. मी घर सांभाळतो. झाडांना पाणी कोण घालणार?"

"कुठली झाडं? एक कुंडी आहे, तीही वाळलेली! आणि मी एकटी जाऊ कशी? बाटली दहाची आहे. तुम्ही नाही तर कोणालाच नाही. आठ माणसं तिथे माझ्या तोंडाकडे बघतायत."

हे वर्तमान खांबरावांस ठाऊक नव्हते. आपण पळालो तर आपलेच काय ते बुडेल, ऐसा त्यांचा हिशेब होता. तो मोडला, आणि पाय थांबला, परंतु माणूस उठेना. इतक्यात आईसाहेबांच्या फोनची घंटी वाजली. कन्याच होती. आईसाहेबांनी फोन तैसाच फेसाशी नेऊन धरिला.

"बाबा, झालं का टोचून?"

"होतंय, होतंय. रांग आहे."

"माझं इथे सारखं रक्त काढतात हो. आज तर दोनदा. मी डोळे मिटून घेते आणि म्हणते, बाबा येतायत." मग ती थोडी हसली. "या वेळी बाहेर नका थांबू हं. आत या."

सलूनवाल्याचा वस्तरा हवेत राहिला. खांबरावांनी चादरीच्या टोकाने तोंड पुसिले, एक गाल गुळगुळीत आणि एक गाल जंगल, आणि उठोन उभे राहिले, आणि बोलले, "चल. पण हात धर."

मग उभयतां दौडत रस्ता ओलांडोन, ट्रंक उल्लंघोन आत दाखल जाहली. एक वाजण्यास चार मिनिटे कमी. बाकांवर ऐसा जयघोष जाहला की पंखादेखील फिरू लागला. सिस्टरांनी बाटली उघडिली आणि खलाशाने मोठ्या मनाने पहिला मान खांबरावांस दिला, पुन्हा पळू नयेत म्हणोन. खांबरावांनी डोळे मिटिले, आणि सुई गेली, आणि आली.

"टोचा ना आता," खांबराव बोलले.

"टोचलं काका. उठा, पुढचे येऊ द्या."

त्यावर स्वारीचा जो नूर पालटला तो काय वर्णावा! बाकाबाकापाशी जाऊन, अर्ध्या दाढीनिशी, "काही नाही हो, हात सैल सोडायचा," ऐसा उपदेश अनुभवी माणसाच्या थाटात खलाशासदेखील केला, आणि खलाशाने तो मुकाट ऐकोन घेतला.

येणेप्रमाणे दहा दंड टोचिले, दहा पुस्तकांवर शिक्के उमटले, आणि मोहीम फत्ते जाहली. कामी आलेली बाटली एक. पळून सापडलेले सरदार एक. जखमी एक, त्या आईसाहेब. सरदारांच्या दंडावरील सुईची खूण संध्याकाळपर्यंतही टिकली नाही, परंतु आईसाहेबांच्या मनगटावर त्यांची पाच नखे उमटली, ती चार दिवस राहिली, आणि कोणी पुसिले तर आईसाहेब मनगट पुढे करोन दाखवीत.