मल्हारीचा टीव्ही

सोमनाथने आयुष्यात कुणाकडून चहाचे पैसेसुद्धा उसने घेतले नव्हते, आणि हे तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचाच. त्यामुळे दोन हजार आठ साली पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घ्यायचं पल्लवीने मनावर घेतलं, तेव्हा बँक आपल्याला हार घालूनच कर्ज देणार अशी त्याची खात्री होती. पल्लवीलाही घाई होती. दर दीड-दोन वर्षांनी भाड्याची खोली बदलून तिने आता सामानाच्या खोक्यांच्या दोऱ्या सोडायचंच बंद केलं होतं.

बँकेतल्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "तुमचा क्रेडिट स्कोअरच नाही."

"कमी आहे का साहेब?"

"कमी असता तर बोलता आलं असतं. तुम्ही कधी कर्जच घेतलं नाही. मग तुम्ही फेडता की बुडवता, हे आम्हाला कळणार कसं? एखादी वस्तू हप्त्यावर घ्या, वर्षभर वेळेवर भरा, मग या."

सातपूरच्या कारखान्यात ज्या गोष्टीचा सोमनाथ तोरा मिरवायचा, तीच आडवी आली. (परत येताना त्याने पहिल्यांदाच उधारीवर चहा प्यायला. पण त्याची नोंद बँकेत होत नाही म्हणे.)

त्याच आठवड्यात हप्त्यावर फ्रिज आला. पाठोपाठ दिंडोरीकडच्या गावाहून आई, चंद्रभागाबाई, आल्या. फ्रिज हप्त्यावरचा आहे हे ऐकून त्या आल्या पावली परत फिरल्या. गावी गेल्या, शेळ्या विकल्या आणि परत येऊन थेट दुकानात सगळे पैसे भरून आल्या.

"माझ्या पोराच्या डोक्यावर कर्ज? मी जिती हाय अजून!"

सोमनाथला गहिवरून आलं. साहेबांना मात्र अजिबात आलं नाही. "दोन हप्त्यांत काय कळणार? नवीन काहीतरी घ्या."

आता टीव्ही आला. मोठा, दोन माणसांनी उचलायचा. पण आई पुन्हा दारात! आता हिच्या गळ्यातली पोत जाणार, या भीतीने सोमनाथ बोलून गेला, "आपला नाही गं. शेजारच्या मल्हारीचा आहे. त्याच्याकडे रंगकाम चाललंय."

आई तडक शेजारी गेल्या. भिंती तर जुन्याच होत्या. "मल्हारी, आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात ठिवू नाय बाबा. काही झालं तर माझ्या पोरावर नाव येईल. उचल!"

मल्हारी वडीलधाऱ्यांचा शब्द कधी खाली पडू देत नसे. त्याने उचलला.

"अहो, आता?" पल्लवीने विचारलं.

"हप्ते भरायचे. दुसरं काय?"

भरले. वर्षभर, एकही न चुकवता. क्रिकेटची मॅच असली की सोमनाथ मल्हारीकडे जायचा आणि स्वतःच्या टीव्हीसमोर सतरंजीवर बसायचा. (खुर्ची पाहुण्यांसाठी होती.) मधूनच मल्हारी म्हणायचा, "आवाज कमी कर रे, पोरं झोपलीत."

पण वर्ष सरलं आणि साहेब हसले. "स्कोअर तयार झालाय. चांगला आहे." पल्लवी बँकेतच रडली. फ्लॅट झाला. तिने एकेका खोक्याची दोरी सोडली, आणि दोऱ्या चक्क फेकून दिल्या. तिचा तो चेहरा पाहून सोमनाथला सगळं भरून पावल्यासारखं वाटलं.

आई घर बघायला आल्या. भिंतींवरून हात फिरवत सगळ्या खोल्या हिंडल्या. सोमनाथ त्यांच्या मागोमाग होता. वीस वर्षांचं कर्ज ऐकलं, तर ही शेतच विकेल!

"भाड्याचं आहे," तो म्हणाला.

"किती भाडं?"

"सहा हजार."

आईंनी कपाळाला हात लावला. "सोम्या, लय भोळा रे तू! एवढ्या भाड्यात हप्ता भरून सोताचं घर झालं असतं. जरा हातपाय हलव. त्या मल्हारीकडं बघ, त्यानं निदान टीव्ही तरी केला!"