इंगोलेबाबूंचा नववा गडी

"रिसोडच्या ढेंगेचा गुडघा गेला," असं इंगोलेबाबूंनी मला कचेरीतल्या माझ्या पहिल्याच सोमवारी सांगितलं आणि कपाळाला हात लावून बसले.

मी नवा होतो. किन्हीराजाहून येऊन मंगरूळपीरच्या तहसील कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो, त्याला चारच दिवस झाले होते. शेजारच्या टेबलावरचा वडीलधारा माणूस असा खचलेला पाहून मला राहवेना. दवाखान्यात नेलं का, म्हणून विचारलं.

"दवाखान्यात कायचं नेता, भाऊ? मोसमातूनच गेला तो."

मोसमातून गेला म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण गेला एवढं कळलं. मी चहा सांगितला. तो त्यांनी दुःखानं, पण बशी पालथी करून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. दुपारी मी हेडक्लार्कला हळूच विचारलं, की इंगोलेबाबूंच्या घरी सुतक आहे का. तो हसता हसता खुर्चीवरून पडायचाच राहिला.

"अरे बावा, ढेंगे नावाचा मानूस कोठीच नाही! तो वहीत राह्यते."

वही म्हणजे लाल कापडी पाठीची, सरकारी नोंदवहीसारखी जाडजूड, पण स्वतःच्या पैशानं आणलेली. इंगोलेबाबू रेकॉर्डकीपर होते. कोणत्या सालचा कोणता कागद कोणत्या गाठोड्यात आहे, हे ते डोळे मिटून सांगत. त्याच शिस्तीनं ते त्या वहीत आठ संघांची पगारी बास्केटबॉल स्पर्धा चालवत. इंझोरी, किन्हीराजा, मंगरूळपीर, कारंजा, मालेगाव, रिसोड, मानोरा आणि शेलूबाजार. यातल्या एकाही गावात तेव्हा बास्केटबॉलचा खांब नव्हता. मंगरूळपिरातसुद्धा नव्हता.

हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून पुढची फजिती झाली. कचेरीच्या कामानं मानोऱ्याला गेलो होतो. निघताना इंगोलेबाबू म्हणाले होते, "मानोऱ्याचं मैदान लय कडक हाय. पाहुण्या संघाले तिथं घाम फुटते." मी बसमधून उतरल्या उतरल्या पानठेल्यावर बास्केटबॉलचं मैदान विचारलं. पानवाल्यानं चुना लावता लावता मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाला, "टोपल्याच पाह्यजेत ना? मंग मैदानात कायले जाता? बाजारात भेटतीन." परत येऊन मी तक्रार केली, तर इंगोलेबाबू शांतपणे म्हणाले, "त्याले काय मालूम? तो क्रिकेटवाला असन."

सामने चिंचोक्यांवर होत. पाच फोडलेले चिंचोके टाकायचे, जेवढे पांढरे वर पडले तेवढ्या टोपल्या. रोज सकाळी आंघोळीनंतर एक सामना. निकाल वहीत. इंझोरी हे त्यांचं स्वतःचं गाव, आणि इंझोरी दर वर्षी शेवटची. मी एकदा म्हटलं, "बाबूजी, वही तुमची, चिंचोके तुमचे. एखादा मोसम जिंकवा ना इंझोरीले."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, की मी जणू त्यांना सातबाऱ्यात खाडाखोड करायला सांगितली होती. "मी कोन ठरवनारा?" ते म्हणाले.

हे त्यांचं पेटंट वाक्य. स्पर्धा यांची, गडी यांच्या डोक्यातले, आणि वर "मी कोन ठरवनारा?" माझ्या गोंधळाचं मूळ इथंच होतं आणि ते अजूनही पुरतं सुटलेलं नाही.

या सगळ्याची सुरुवात फुटाण्यांपासून झाली. दर्ग्याच्या उरुसात त्यांनी फुटाणे घेतले, ते एका इंग्रजी मासिकाच्या पानाच्या पुडीत बांधलेले होते. फुटाणे संपल्यावर इंगोलेबाबूंनी पान वाचलं. छापील कागद न वाचता टाकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. डिक्शनरी घेऊन आठ दिवस ते पानाशी झटत होते. अमेरिकेतल्या पगारी बास्केटबॉलची ती हकिगत होती. दर वर्षी नवे गडी येतात, ते संघांमध्ये वाटले जातात, आणि जो संघ सगळ्यात जास्त हरला, त्याला पहिला गडी मागायचा हक्क.

"पह्यला, भाऊ! हरलेल्याले पह्यला!" हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी चढायचा. "आपल्या इकडं पाह्यलं का असं कोठी?"

पण गडी नेमके मागायचे कसे, हे जिथं लिहिलं होतं तिथंच पान फाटलेलं. उरलेला भाग दुसऱ्या कोणाच्या तरी फुटाण्यांबरोबर गेला होता. मग इंगोलेबाबूंनी आपल्याला माहीत असलेली पद्धत तिथं जोडून दिली. आपण सगळेच लहानपणी ती खेळलोय. दोन-दोन पोरांनी जोडी लावायची, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लांब जायचं, कानात गुपचूप नावं ठरवायची, आणि परत येऊन विचारायचं, "कोनी घ्या आंबा, कोनी घ्या चिंच?" एक कप्तान आंबा मागणार, चिंच दुसऱ्याकडे जाणार. अमेरिकेत सहा-सात फुटांचे बाप्ये असेच गळ्यात गळा घालून झाडामागं जात असतील, याबद्दल इंगोलेबाबूंना तिळमात्र शंका नव्हती.

गड्यांची ही मागणी बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरी व्हायची. दुपारी खीर खाऊन झाली, की अंगणातल्या कडुनिंबाखाली वही उघडायची. दर वर्षी आठ नवे गडी, म्हणजे चार जोड्या. तळाचे दोन संघ पहिली जोडी वाटून घेणार, त्यात मागणी सगळ्यात तळाच्याची, मग त्यावरचे दोन. गुप्त नावांच्या चिठ्ठ्या गयाकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, हातातली डाळ निवडता निवडता काढत. कोणतं नाव मागायचं, त्याचा कौल चिंचोक्यांचा. आणि हे सुरू व्हायच्या आधी इंगोलेबाबूंनी आपला अंदाज लिहून लिफाफा डिंकानं बंद केलेला असायचा. कोणता गडी कोणाकडे जाईल, याचा अंदाज. स्वतःच्याच वहीत काय होणार याचा अंदाज हा माणूस बांधायचा, आणि तो चुकायचा! चुकला की हळहळायचे. आठातले पाच बरोबर आले, त्या वर्षी त्यांनी अख्ख्या कचेरीला जिलबी वाटली होती.

पहिल्या वर्षी मला बोलावलं तेव्हा मी गड्यांची यादी वाचली. उंची सहा फूट दोन, वय वीस. उंची सहा फूट चार, वय एकवीस. असे आठ. आणि त्याखाली नववा : सु. का., मुक्काम इंझोरी. उंची पाच फूट दोन, वय बावन्न.

"बाबूजी, वयात चूक झाली वाटते."

"नोंद बरोबर हाय."

"बावन्न वर्षांचा नवा गडी?"

"अजून कोनी मांगतलाच नाही, मंग नवाच ना तो!"

चारही जोड्या वाटून झाल्या. नववा राहिला, कारण त्याला जोडच नव्हती. लिफाफा फोडला. त्यात शेवटची ओळ होती : "नववा — इंझोरी घेईल." इंगोलेबाबूंनी त्यावर फुली मारली. मी मागची पानं चाळली, जुन्या अंदाजांचे कागदही तिथंच चिकटवलेले होते. दर वर्षी नववा तोच, वय एकेकानं वाढलेलं. दर वर्षी अंदाज तोच, आणि त्यावर फुली.

मी म्हणालो, "मंग एक दहावं नाव लिहून टाका ना. जोड होऊन जाईन."

"जोड लिहून होत नाही, भाऊ. जोडीदारानं सोता याले लागते."

"मंग ह्या आठाची जोड कशी झाली?"

"ते आपसात आले," ते म्हणाले आणि वही मिटली.

मी पार चक्रावलो. सुखदेव काशीराम इंगोले या माणसाच्या सह्या मी रोज बघत होतो, तरी सु. का. कोण हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. खिरीची वाटी परत द्यायला आत गेलो, तेव्हा गयाकाकूंनी ते मला सांगितलं, अगदी साध्या आवाजात.

"इंझोरीच्या शाळेतली गोष्ट हाय. दीक्षेच्या लय आधीची. सारे पोट्टे जोड्या लावून खेळाले जायचे. यायच्या खांद्यावर हात कोन टाकनार होतं? हे कडेले उभे राहून पाह्यत राह्यचे. रोज वाटे, आज कोनीतरी यीन."

मला खूप लाज वाटली. इंझोरीची नव्हे, माझी. मी किन्हीराजाच्या शाळेत शिकलो, यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनी. आमच्या वर्गातही एक मुलगा होता, जो खेळाच्या तासाला बांधावर उभा राहायचा. आम्ही त्याला काही बोलायचो नाही. मी तर स्वतःला चांगला मुलगा समजायचो. पण त्याच्या खांद्यावर हात टाकावा हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आज त्याचं नाव आठवू म्हटलं तर आठवत नाही.

एवढं कळूनही मी वर्षभर काही केलं नाही. काय करायचं तेच समजत नव्हतं. मोठ्या माणसापाशी जाऊन म्हणायचं काय?

पुढची बुद्धपौर्णिमा आली. त्या मोसमात इंझोरी शेवटची आणि तिच्यावर आमची किन्हीराजा. यादी तीच. नववा : वय त्रेपन्न. लिफाफा डिंकानं बंद करून झालेला. चार जोड्या वाटल्या गेल्या आणि इंगोलेबाबू वही मिटायला लागले.

"थांबा," मी म्हणालो. "दहावा गडी आला हाय. किन्हीराजाचा. जोड पाह्यजे त्याले."

इंगोलेबाबूंनी वही खाली ठेवली. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. उठले. मी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. त्यांचा हात काही केल्या माझ्या खांद्यावर चढेना, कोपरापाशीच घुटमळत राहिला. तसेच आम्ही दोघे अंगण ओलांडून न्हाणीच्या मागं गेलो.

तिथं नवाच पेच. मी झटक्यात म्हणालो, मी बैल. पण त्यांना नाव सुचेना. "हत्ती ठेवू काय? लय मोठा होते. वाघ? नोको, लोक हासतीन." तब्बल दहा मिनिटं हा त्रेपन्न वर्षांचा माणूस न्हाणीच्या भिंतीला टेकून नावाचा विचार करत होता. शेवटी माझ्या कानाशी तोंड आणून इतक्या हळू बोलले की मला दोनदा विचारावं लागलं. "मोर."

आम्ही परत आलो. आता त्यांचा हात खांद्यावर नीट होता. दोघांनी मिळून विचारलं, "कोनी घ्या बैल, कोनी घ्या मोर?"

गयाकाकूंनी डाळीचं सूप खाली ठेवलं. चिंचोक्यांकडे पाहिलंही नाही.

"मोर," त्या म्हणाल्या.

"अवो, चिंचोके टाक ना! नियम मंजे नियम!"

"पाचवी जोड मंजे पुन्हा तळापासून, मांगनी इंझोरीची हाय ना? मी इंझोरीची सून हाओ. मले मोर पाह्यजे."

त्यांनी कसं ओळखलं, ते मला आजतागायत उमगलेलं नाही. न्हाणीमागचं कुजबुजणं अंगणात ऐकू येणं शक्य नव्हतं.

इंगोलेबाबू खाली बसले. वहीत नवव्याच्या नावापुढं "इंझोरी" लिहिलं, दहाव्यापुढं "किन्हीराजा". मग लिफाफा फोडला. मला वाटलं, दर वर्षीचा अंदाज या खेपेला खरा ठरला. मी आनंदानं कागदावर वाकलो. शेवटची ओळ होती : "नववा — यंदाही राहील."

इतकी वर्षं वाट पाहून त्यांनी नेमकी याच वर्षी आशा सोडली होती.

"चुकला!" ते म्हणाले. "भाऊ, चुकला ना माहा अंदाज! गया, पाह्य, याही वर्षी चुकला!" ते हसत होते आणि चष्मा पुन्हा पुसत होते. मग रेकॉर्डकीपरच्या शिस्तीनं त्यांनी लाल शाई घेतली, त्या ओळीखाली "अंदाज चुकला" असं लिहिलं, पूर्ण नावानं सही केली, आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

"साक्षीदाराची सही लागते," म्हणाले.

मी सही केली.