वाफसा

शनिवारी संध्याकाळी साडू येणार होते, आणि निवृत्त मॅनेजरसाहेबांच्या अंगणातली हिरवळ उन्हाने पार पिवळी पडली होती. साडूंची मात्र भर उन्हाळ्यातही हिरवीगार. तिचा फोटो रोज सकाळी घरच्या ग्रुपवर येऊन पडायचा आणि साहेबांचा चहा कडू व्हायचा. यंदा साडूंपुढे मान खाली घालायची नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

त्यांनी रोपवाटिकेतल्या माळ्याला फोन लावला.

"चिकण माती आहे साहेब. रोज शिंपडू नका. एकदाच भरपूर पाणी द्या, वाफसा येऊ द्या, मग काट्याने भोकं पाडून खत घाला."

"कळलं," साहेब म्हणाले.

काय कळलं, डोंबल. पाणी मुरून माती ना ओली ना कोरडी झाली की वाफसा आला म्हणतात, आणि चिकण मातीत त्याला चांगले दोन-तीन दिवस लागतात. पण एकदा 'कळलं' म्हटल्यावर साहेब परत विचारतात होय?

"जमिनीतून वाफ यायला हवी," त्यांनी बायकोला समजावलं. "म्हणजे पाणी भर दुपारीच द्यायचं."

"माळी असं म्हणाला?"

"अर्थ तोच."

शनिवारी दुपारी त्यांनी तापलेल्या जमिनीवर तासभर पाइप धरला. थोडी वाफ निघालीसुद्धा. साहेब लांब दांड्याचा बागेतला काटा घेऊन ऐटीत हिरवळीत शिरले आणि चौथ्या पावलाला घोट्यापर्यंत रुतले. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खोल जाई. काट्यावर भार दिला, तर काटाही गेला.

"कुणाला बोलावू का?" बायकोने पायरीवरून विचारलं.

"गरज नाही. काम चाललंय."

तेवढ्यात साडू तासभर आधीच टपकले. ओढायला म्हणून धावले आणि स्वतःच्या दोन्ही चपला चिखलाला देऊन बसले. बऱ्याच ओढाताणीनंतर दोघे अनवाणी, गुडघ्यापर्यंत माखलेले, पायरीवर येऊन टेकले.

"हरलो बुवा," साहेब म्हणाले. हे बोलणं त्यांना फार जड गेलं. "तुमच्यासारखी हिरवळ आपल्याला जमायची नाही. तुम्ही करता तरी काय?"

साडूंनी इकडेतिकडे पाहिलं. "फडकं मारतो."

"म्हणजे?"

"प्लॅस्टिकची आहे."

साहेबांनी चहा घेऊन आलेल्या बायकोकडे पाहिलं. तिला जराही आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"ताईने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"या हिरवळीपायी रोज सकाळी दोन तास तुम्ही घराबाहेर असायचात," बायको कप पुढे करत म्हणाली. "मी कशाला बोलू?"