सुपारी फुटेपर्यंत शिंकायचं नाही

"या बारीले माह्या नाकातून फुंकरबी निघत नाही, पाहून घेजो," भगवानरावांनी सकाळच्या चहालाच जाहीर करून टाकलं. "बंदोबस्त केला म्या."

गोजरबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पोहे भिजवायला घेतले.

अमडापुरात सोयाबीन निघालं की भगवानरावांचं नाक सुरू व्हायचं. मळणीची धूळ शेतात उडायची आणि हे घरात बसून शिंकायचे. एरवी त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण गेल्या वर्षी लेकीच्या, करिष्माच्या, सोयरिकीत ऐन सुपारी फोडताना ते असे काही शिंकले, की पाव्हण्यांनी अपशकुन झाला म्हणून सुपारी परत खिशात घातली आणि चिवडाही न संपवता वाट धरली. तो मुलगा करिष्माला आवडलाच नव्हता, म्हणून निभावलं. आज धाडहून येणारा दीपक मात्र तिला मनापासून आवडला होता. "बाबा, आज तेवढं सांभाळा," असं तिनं बापाला सांगून ठेवलं होतं.

बंदोबस्त म्हणजे मेडिकलमधून आणलेली अ‍ॅलर्जीची गोळी. "शिंका थांबतीन, काका," मेडिकलवाला म्हणाला होता. "पण झोप येते. एकच घ्याची, अन् गाडी चालवाची नाही." यातलं पहिलं वाक्य भगवानरावांनी जपून घरी आणलं. बाकीची तिथंच काउंटरवर राहिली.

गोळीनं काम मात्र चोख केलं. नाक शहाण्या लेकरासारखं गप्प बसलं. पण पाव्हण्यांची जीप दारात आली तशी त्यांना धाकधूक वाटायला लागली. एकीनं एवढा गुण येतो तर दोन गोळ्यांनी किती येईल, असं म्हणून त्यांनी दुसरीही गिळली.

बैठक बसली. दीपकचे वडील कडूबा ओठ आवळून, भुवया ताणून बसले होते. माणूस भलताच रागीट दिसतो, गोजरबाई मनात म्हणाल्या. भगवानराव लोडाला टेकले, आणि तो लोड त्यांना आईच्या मांडीसारखा वाटला.

"लग्न उन्हाळ्यात लावू. चालते काय?" कडूबांनी विचारलं.

भगवानरावांची मान खाली गेली, वर आली.

"पोरीनं शिक्षण पुरं करावं, असं आमचं म्हणणं हाय."

मान पुन्हा हलली.

"तुमची काही अट?"

मान हलली.

"मंग सांगा ना."

मान हलली. आणि त्यामागोमाग घोरणं ऐकू आलं. गोजरबाईंनी गदागदा हलवलं, तर "हूं, हूं" करून स्वारीनं कूस बदलली.

कडूबा ताडकन उठले. "आमी इतक्या दुरून आलो, अन् पोरीचा बाप घोरून राह्यला? चाल बे, दीपक."

दीपक उठला, पण त्याचा पाय काही निघेना. तेवढ्यात करिष्मा आतून गोळ्यांचं पाकीट घेऊन धावत आली. "मामाजी, जाऊ नका," घाईत ती सासऱ्याला म्हणतात तेच म्हणून बसली. "तुमच्या सुपारीले शिंक नाही यावी म्हणून बाबानं दोन गोळ्या खाल्ल्या."

कडूबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग स्वतःच्या खिशात हात घातला आणि अगदी तसलंच पाकीट बाहेर काढलं.

"मलेबी सोयाबीनचं वावडं हाय," ते म्हणाले. "आज जीप चालवाची होती म्हणून घेतली नाही. मघापासून शिंक दाबून बसलो." त्या ताणलेल्या भुवयांचा अर्थ गोजरबाईंना आत्ता कळला.

कडूबा परत बसले. "पोरीसाठी माणूस इतकं करते, मंग अजून काय पाहाचं? फोडा सुपारी."

सुपारी फुटली, आणि त्याच क्षणी कडूबांची दाबलेली शिंकही सुटली. फडताळातले पेले वाजले. सगळे जागच्या जागी थिजले. करिष्मानं डोळे गच्च मिटून घेतले.

भगवानराव दचकून जागे झाले. त्यांनी फुटलेली सुपारी पाहिली, सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि काय समजायचं ते समजले. ओशाळून त्यांनी हात जोडले. "माफ करा, पाव्हणे. लय आवरली, पण सुटलीच."

कडूबांनी रुमालानं आपलं नाक पुसलं आणि ते मोठ्या मनानं नव्या व्याह्यांना म्हणाले, "असू द्या हो, इवाई. माणूस हाय, होते कधी कधी."